कोलेस्टेरॉलची गोळी : घ्यावी की न घ्यावी?

गळीत हंगाम संपून टोळ्या आपापल्या गावी गेल्या, की कारखाना कार्यस्थळावर जरा उसंत मिळते. अशाच उसंतीच्या दिवसांत सभासदांसाठी रक्त तपासणीचे शिबिर झाले. सकाळी उपाशीपोटी येऊन पुष्कळांनी रक्त दिले. आम्हीही दिले. चार दिवसांनी कागद हाती पडले आणि तेव्हापासून गट ऑफिसच्या ओट्यावर आणि कँटीनमध्ये दुसरा विषय उरला नाही. एरवी "एकरी किती टन पडला?" असे विचारणारी माणसे "तुमचं कोलेस्टेरॉल किती?" असे विचारू लागली.

आमच्या कागदावर एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १६२ लिहिले होते. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती चिठ्ठी आमच्या सदऱ्याच्या खिशात तीन आठवडे तशीच राहिली. कारण आमचे शेजारी तात्या. चार वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन स्टेंट बसला. ते म्हणाले, "अवो, सोडली मी ती गोळी. पाय ओढ धरायचे. आन् ह्या गोळीनं लिव्हर जातंय, साखर वाढती, असं सगळीच म्हणत्यात. एकदा धरली की मरेपतूर सुटत नाही. तुम्ही नादाला लागू नका."

तात्यांचे ऐकून आम्ही बिचकलो. मग विचार केला, की मातीचे पाणी-परीक्षण करून घेतल्याशिवाय खताचा डोस ठरवू नये असे ह्याच पत्रिकेतून आम्ही आपणांस वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि स्वतःच्या जिवाचा निर्णय मात्र ओट्यावरच्या गप्पांवर घ्यायला निघालो. हे बरे नव्हे. म्हणून डॉक्टरांकडे निवांत वेळ मागून बसलो, जे समजले ते ताडून पाहिले आणि तेच येथे मांडत आहोत.

ही गोळी करते काय?

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. शरीराला ते लागते आणि त्याचा मोठा वाटा आपले यकृत स्वतःच तयार करते. म्हणून तूप-मटण न खाणाऱ्या माळकऱ्याचेही कोलेस्टेरॉल वाढलेले सापडते. एलडीएल रक्तात फार झाले, तर ते रक्तवाहिनीच्या भिंतीत मुरते. ठिबकच्या नळीत क्षार धरावा तसे, असे आपण म्हणतो. पण ते अर्धेच खरे. क्षार नळीच्या आतून साचतो, हे मात्र भिंतीच्या पोटात साठते. एखादे दिवशी ती गाठ फुटते, तिच्यावर रक्त गोठते आणि वाहिनी अचानक बंद होते. तोच झटका. म्हणून काल बांधावर फिरणारा माणूस आज जातो.

ज्या गोळीविषयी आपण बोलत आहोत, त्या जातीच्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. एटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही त्यांतली नेहमीची नावे. ह्या औषधाचा मूळपुरुष अकिरा एंडो हा जपानमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेला शास्त्रज्ञ. हजारो बुरश्या तपासल्यावर १९७३ साली तांदळावरच्या एका निळसर-हिरव्या बुरशीतून त्याला असे द्रव्य सापडले, की जे यकृतातील कोलेस्टेरॉलचे उत्पादन रोखते. त्याच मार्गाने पुढे गेलेले पहिले औषध अमेरिकेत १९८७ साली बाजारात आले. यकृताचे घरचे उत्पादन कमी झाले, की ते रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते आणि कागदावरचा आकडा उतरतो.

परंतु आकडा उतरणे वेगळे आणि माणूस वाचणे वेगळे. आपल्याला दुसऱ्याचा हिशोब पाहिजे.

शेकड्यातला हिशोब

पहिला हिशोब तात्यांसारख्यांचा, म्हणजे ज्यांना हृदयविकार होऊन गेला आहे त्यांचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड व आइसलँड ह्या देशांत अशा ४,४४४ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९९४ साली आला. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोणाला कोणती, ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. साडेपाच वर्षांच्या आसपास पाहिले, तर बिनऔषधाच्या गोळीवर शंभरातले बारा दगावले, खऱ्या गोळीवर आठ. शंभरामागे चार माणसे जास्त जगली. ज्या घरातला कर्ता त्या चारांत असेल, त्या घराला विचारा चार म्हणजे किती ते.

दुसरा हिशोब आमच्यासारख्यांचा. झटका आलेला नाही, पण कोलेस्टेरॉल वाढलेले. स्कॉटलंडच्या पश्चिम भागात ४५ ते ६४ वयाच्या ६,५९५ पुरुषांवर अशी चाचणी झाली व १९९५ साली निकाल लागला. पाच वर्षांत बिनऔषधाच्या गोळीवर शंभरातल्या सुमारे आठ जणांना झटका आला अथवा हृदयविकाराने मृत्यू आला. खऱ्या गोळीवर साडेपाच जणांना. म्हणजे शंभरामागे दोन-अडीच जणांचा फायदा. बाकीच्या साडेसत्त्याण्णव जणांनी पाच वर्षे गोळी खाल्ली आणि त्यांना त्या मुदतीत दिसेल असे काही पदरात पडले नाही.

एकच गोळी, पण दोन ठिकाणी तिचे मोल वेगळे. सारी मेख येथे आहे. ज्याचा धोका मोठा, त्याला फायदा मोठा. ज्याचा धोका लहान, त्याला लहान. म्हणून "कोलेस्टेरॉल किती?" हा प्रश्न एकटा पुरा पडत नाही. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू-विडी आणि घराण्यात कोणाला कमी वयात झटका आला काय, ह्या सगळ्यांची बेरीज लागते.

आणि ह्या बेरजेत आपल्या लोकांनी एक गोष्ट धरावी. ५२ देशांत मिळून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले, की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत ५९ च्या सुमारास. पोराबाळांची लग्ने, विहीर-पाइपलाइनचे कर्ज, सगळे डोक्यावर असते ते हेच वय.

भीती किती खरी?

तात्यांनी सांगितलेली एकेक गोष्ट आम्ही डॉक्टरांपुढे ठेवली.

पाय दुखणे. स्टॅटिनने स्नायू दुखू शकतात हे खरे. पण ब्रिटनमध्ये २०२० साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ती ऐकण्यासारखी आहे. त्रास झाला म्हणून गोळी सोडलेली साठ माणसे घेतली. वर्षभरात त्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून-पालटून दिले. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास होई, त्याच्या नव्वद टक्के त्रास खोट्या गोळीवरही झाला! माणसे खोटे बोलत नव्हती, त्यांचे अंग खरेच दुखत होते. फक्त त्यातला बहुतेक भाग औषधाचा नव्हता. हे समजल्यावर निम्म्या लोकांनी गोळी पुन्हा धरली. तथापि अंग फार दुखून लघवी काळपट होऊ लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हे क्वचित होते, पण झाले तर गंभीर असते.

साखर वाढणे. हेही थोडे खरे. अनेक चाचण्या एकत्र करून २०१० साली काढलेला हिशोब असा, की २५५ माणसांनी चार वर्षे गोळी घेतली तर एक माणूस जास्तीचा मधुमेही होतो. ज्यांची साखर आधीच काठावर आहे, त्यांनी ती अधूनमधून तपासत राहावे.

लिव्हर. रक्तातील यकृताचे आकडे काहींचे थोडे वर जातात. मोठी इजा फार दुर्मिळ. सुरुवातीला एक तपासणी करून घ्यावी एवढेच.

आणि जन्मभराची गोळी. तिची सवय लागत नाही. सोडली तर आकडा पुन्हा होता तेथे जातो, म्हणून चालू ठेवायची. ठिबकला अॅसिड ट्रीटमेंट एकदाच देऊन आपण थांबतो का?

आपल्या उसाची गोष्ट

पुष्कळ सभासदांनी विचारले, "गोळीपेक्षा काही घरगुती नाही का?" तर आपल्या उसाचेच एक उदाहरण घ्या. कांड्यावर जी पांढरी भुकटी असते, ती मेणाची. ते मेण कारखान्यात बव्हंशी प्रेसमडमध्ये जाते. क्युबा देशात ह्या मेणापासून पोलिकोसॅनॉल नावाचे औषध काढले आणि त्याने कोलेस्टेरॉल उतरते असे तेथील अभ्यासांतून सांगितले गेले. खरे असते तर आपल्या प्रेसमडला सोन्याचा भाव आला असता! पण २००६ साली जर्मनीत १४३ रुग्णांवर क्युबाचेच द्रव्य देऊन चाचणी घेतली. लहान डोस दिला, त्याच्या आठपट दिला. कोलेस्टेरॉल जागचे हलले नाही. ऊस आपला म्हणून त्याची बाजू घ्यावी असे आम्हांला वाटले, पण पुरावा नाही तो नाही.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत लिहू नये असे कोणी म्हणेल, तरी लिहितो. साखर-गूळ अति झाले की रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची दुसरी चरबी वाढते आणि पोट सुटते. पिकवावी टनाने, खावी चमच्याने. तळणाचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये, वनस्पती तूप टाळावे. मोटारसायकल बांधापर्यंत नेण्याऐवजी रस्त्याला लावून पायी फिरावे. तंबाखू आणि मिश्री सुटली, तर तो फायदा कोणत्याही गोळीने भरून निघणार नाही असा आहे. मात्र पथ्याने एलडीएल थोडेच उतरते. ज्याला झटका येऊन गेला, त्याने पथ्य गोळीच्या जागी नव्हे, गोळीच्या जोडीला करायचे.

डॉक्टरांना काय विचारावे?

चिठ्ठी खिशात घालून परत येण्याआधी एवढे विचारावे :

१. माझ्यासारख्या शंभर जणांत पुढच्या दहा वर्षांत किती जणांना झटका येईल? गोळी घेतली तर किती जणांना?

२. थायरॉइड तपासले काय? ते मंद असले तरी कोलेस्टेरॉल वाढते आणि अंगही दुखते.

३. माझ्या चालू असलेल्या इतर औषधांशी ही गोळी जमते काय? सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्याव्यात.

४. जेनेरिक चालेल काय? जनऔषधी दुकानात तीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात.

५. पुन्हा रक्त कधी तपासायचे, आणि त्रास झाला तर कोणाला विचारायचे?

एलडीएल १९० अथवा त्याहून जास्त असेल, तर ते घराण्यातून आलेले असू शकते. भावंडांचे व मुलांचे रक्तही तपासून घ्यावे. घरातील भगिनींचे कागद आपण कपाटात ठेवून देतो, तसे करू नये; मधुमेह झालेल्या चाळिशीपुढच्या भगिनींना ही गोळी बहुधा लागतेच. गरोदरपणी किंवा मूल होऊ द्यायचे असता मात्र डॉक्टरांना आधी सांगावे.

आमचे काय झाले?

आमचे वय ५७, रक्तदाबाची गोळी चालू, तंबाखूची सवय, आणि थोरल्या बंधूंना ५१ व्या वर्षी झटका आलेला. बेरीज मांडली तेव्हा आमचा आम्हांलाच घाम फुटला. डॉक्टरांनी तीन महिने दिले. तंबाखू सोडली, पहाटे पाटाच्या कडेने चालू लागलो. एलडीएल १६२ चे १४९ झाले. त्यापुढे हलेना. मग गोळी सुरू केली. दोन महिन्यांनी ९२. अंग दुखले नाही असे म्हणवत नाही, पण ते लागणीच्या दिवसांत दरवर्षी दुखते.

आमच्या पुतण्याचा आकडाही १२८ निघाला होता आणि तोही घाबरला होता. वय ३१, बाकी काही दोष नाही. डॉक्टरांनी त्याला गोळी दिली नाही. म्हणाले, "वजन उतरव, वडापाव कमी कर आणि पुढल्या वर्षी ये."

तात्यांना आम्ही स्वतः गाडीवर घालून नेले. डॉक्टरांनी भारतातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा २०२४ सालचा दंडक सांगितला, की झटका येऊन गेलेल्यांचे एलडीएल ५५ च्या खाली असावे. तात्यांचे निघाले १३८. तात्या बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्या शंभरातल्या चारांत मी असलो तर?" दुसरी गोळी, लहान डोस, असे करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली आहे. पाय अजून ओढ धरतात म्हणतात. "पण निदान कशानं ते इचारतोय तरी," असेही म्हणतात.

सभासद बंधु-भगिनींनो, गोळी घ्याच असे सांगण्यासाठी हा लेख नाही आणि घेऊ नका असे सांगण्यासाठीही नाही. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसला आहे, त्यांनी मनाने गोळी सोडू नये. ज्यांना आलेला नाही, त्यांनी एका आकड्याने घाबरू नये आणि ओट्यावरच्या एका वाक्याने निर्धास्तही होऊ नये. आपली बेरीज मांडून घ्यावी आणि मग ठरवावे. कपाटात पडलेला तो तपासणीचा कागद नव्या हंगामाची मोळी पडण्याआधी एकदा बाहेर काढावा, एवढीच नम्र विनंती.