वेळ पाळणारा पीसी

नगरच्या नागापूर एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या शेडमध्ये सीएनसी लेथ आटे पाडू लागला, की कंट्रोलरची खरी परीक्षा सुरू होते. चक मिनिटाला १५०० फेरे घेतोय, पिच दीड मिलिमीटर. म्हणजे एक फेरा ४० मिलिसेकंदांचा. टूलला सरकण्याचा हुकूम १० मिलिसेकंद उशिरा मिळाला, तर जॉब पाव फेरा पुढे गेलेला असतो आणि आटे गेले! ऑफिसच्या पीसीवर तेवढा उशीर कुणाला जाणवतही नाही.

म्हणूनच सीमेन्सच्या सिन्युमेरिक ८४०डीसारख्या कंट्रोलरमध्ये कामं वाटलेली असत: स्क्रीनमागे विंडोजचा पीसी, मोटरींसाठी वेगळं युनिट.

दोन्ही कामं एकाच पीसीत बसवण्याची युक्ती १९९० च्या दशकात न्यू मेक्सिको टेकमध्ये व्हिक्टर योदाइकेन आणि मायकेल बाराबानोव्ह यांनी केली. त्यांच्या आरटीलिनक्समध्ये तळाला छोटा रिअल-टाइम, म्हणजे वेळ पाळणारा, कर्नल असतो आणि अख्खं लिनक्स हे त्याचं सगळ्यात कमी महत्त्वाचं काम. लिनक्सने इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) बंद करायला सांगितले, तरी ते खरोखर बंद होत नाहीत. तळाचा कर्नल तशी नोंद ठेवतो, तातडीचे इंटरप्ट स्वतः हाताळतो आणि लिनक्सचे सवडीने त्याच्याकडे सोपवतो. लिनक्सला पत्ताही लागत नाही. मला या सगळ्या कहाणीतली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

या वाटेने वाढलेलं लिनक्ससीएनसी हे कंट्रोलर सॉफ्टवेअर फुकट मिळतं. जुन्या लेथला नवा कंट्रोलर बसवू पाहणाऱ्या छोट्या कारखानदारासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र पीसी पारखून घ्यावा लागतो. त्यासाठी ‘लेटन्सी टेस्ट’ लावायची आणि मुद्दाम विंडो फिरवायच्या, मोठ्या फाइली कॉपी करायच्या. पाहायचा तो उशिराचा सर्वांत वाईट आकडा. सरासरी इथे कामाची नाही. स्टेपर मोटरीला पल्स थेट पीसीतून द्यायचे, तर दर २५ मायक्रोसेकंदांनी हिशेब करावा लागतो. तिथे उशीर झाला, तर मोटर स्टेप चुकते आणि मोटरीची जागा मोजणारा एन्कोडर नसेल तर ते कंट्रोलरला कळतही नाही. कधी दोष मदरबोर्डच्या फर्मवेअरचा असतो. ते प्रोसेसर परस्पर अडवून धरतं, तेव्हा दोन्ही कर्नल हतबल होतात.

आता खुद्द लिनक्सच बदललंय. जवळपास वीस वर्षं वेगळा पॅच म्हणून जपलेली रिअल-टाइम सोय २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मूळ कर्नलमध्ये आली. तरीही इमर्जन्सी स्टॉप पीसीच्या भरवशावर सोडायचा नाही. त्या बटणाने ड्राइव्हची पॉवर थेट तुटली पाहिजे.