मोटारीचे पाचवे चाक

मोटारीला चाके किती, असे कोणी विचारले तर आपण सहजच ‘चार’ म्हणून मोकळे होतो. डिकीच्या तळाशी धूळ खात पडलेले पाचवे चाक आपल्या हिशेबात नसते. चार चाकांपैकी एक दगा देते तेव्हाच त्याची आठवण होते, आणि आठवण झाली की आपण त्याच्यावर वाजवीपेक्षा अधिक भरवसा टाकतो. विस्मरण आणि अतिविश्वास ही दोन्ही टोके धोक्याची आहेत.

या चाकाला आपण ‘स्टेपनी’ म्हणतो. हे नाव वेल्समधील लानेली गावच्या एका रस्त्याचे आहे. प्रारंभीच्या मोटारींबरोबर जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच टायर उतरवून ट्यूब जोडावी लागे. स्टेपनी स्ट्रीटवरील डेव्हिस बंधूंनी १९०४ साली आरे नसलेले, हवा भरलेला टायर चढविलेले एक कडे तयार केले. ते पंक्चर झालेल्या चाकावरच पकडींनी आवळून बसवावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी ती युक्ती होती. ती वस्तू इतिहासजमा झाली, पण नाव मात्र आपल्याकडे टिकले. योगायोग असा की, त्याच १९०४ साली जबलपूर येथे तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे १९६९ मध्ये याच शहरात लष्करी वाहनांचा कारखाना निघाला, आणि ‘जोंगा’ या लष्करी गाडीच्या नावातील पहिले अक्षरही जबलपूरचेच आहे. अशा या चाकांच्या गावी स्टेपनीचा विचार करणे अप्रस्तुत ठरू नये.

आजच्या मोटारींत जादा चाक तीन प्रकारचे आढळते. पहिले, इतर चारांच्या मापाचे. ते बसविल्यावर गाडीच्या चालीत फारसा फरक पडत नाही. मात्र ते वापरले गेले नाही म्हणून नवे राहिले, असे समजू नये. रबर पडून राहूनही जुने होते, कडक बनते, त्याला बारीक भेगा पडतात. टायरच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आपल्या स्टेपनीचे जन्मसाल एकदा अवश्य वाचून पाहावे.

दुसरा प्रकार, इतर चाकांहून थोड्या अरुंद वा लहान मापाचे पोलादी चाक. तिसरा, केवळ तात्पुरत्या वापराचे बारीक चाक. त्यावर बहुधा ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती गाठण्याचे लक्ष्य नव्हे, ओलांडू नये अशी सीमा आहे. अरुंद टायरचा रस्त्याशी स्पर्श कमी. त्यामुळे ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावयास अधिक अंतर लागते, ती एका बाजूस ओढली जाते, आणि पावसात ही पकड आणखी ढिली होते.

लहान चाकाचा आणखी एक दोष डोळ्यांना दिसत नाही. समजा, आपल्या चाकाचा घेर १.९ मीटर आहे. ते एका किलोमीटरात सुमारे ५२६ फेरे घेईल. त्याहून पाच टक्के लहान चाकास तेवढ्याच अंतरासाठी सुमारे ५५४ फेरे घ्यावे लागतील. दोन चाकांच्या गतीतील फरक सांभाळण्याचे काम डिफरन्शियल हा भाग करतो. एरवी ते वळणावरच पडते. इंजिनाची शक्ती ज्या चाकांकडे जाते त्यांत असे लहान चाक बसविले तर सरळ रस्त्यावरही त्याला क्षणभर विसावा मिळत नाही. तो तापतो व झिजतो. म्हणून पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे चाक गेले, तर मागील एक चांगले चाक पुढे आणावे आणि लहान चाक मागे लावावे. श्रम दुप्पट, पण शहाणपणाचे.

हवेच्या बाबतीत तर हमखास चूक होते. साध्या टायरला सुमारे ३२ पौंड हवा लागते, तर तात्पुरत्या बारीक चाकाला साधारणतः ६० पौंड. पंपावरील मुलाला ‘पाचही चाकांत सारखी भर’ असे सांगितले की बारीक चाक अर्धपोटी राहते. कमी हवेचा टायर चालताना अधिक दबतो, दबण्याने तापतो, आणि जबलपूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, फुटावयास त्याला वेळ लागत नाही.

जबलपूर ते नागपूर हा रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा. सिवनीनंतर पेंचचे जंगल लागते. लखनादौनजवळ चाक गेले आणि बारीक स्टेपनी लावली, तर ‘आता नागपुरातच पाहू’ हा विचार मनात आणू नये. लखनादौन किंवा सिवनी येथेच मूळ चाक दुरुस्त करून घ्यावे. जंगलात दुसरे चाक गेले तर सहावे चाक कोणाच्याच गाडीत नसते.

२०२० च्या नियमदुरुस्तीने लहान मोटारींना काही अटींवर स्टेपनीवाचून चालण्याची मुभा दिली आहे. टायर ट्यूबविरहित हवेत, हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा हवी, आणि दुरुस्तीचा संच जवळ हवा. परंतु या संचातील द्रव खिळ्याचे छिद्र बुजवितो. टायरची बगल फाटली तर तो निरुपयोगी आहे. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्या गाडीत चाक आहे की बाटली, हे तरी पाहून ठेवावे.

चाक बदलताना गाडी वाहतुकीपासून दूर, सपाट व घट्ट जमिनीवर उभी करावी. हातब्रेक ओढावा, समोरासमोरच्या कोपऱ्यातील चाकास दगड लावावा, मागे काही अंतरावर त्रिकोणी इशारा ठेवावा. नट आधी किंचित सैल करावे, मग जॅक चढवावा. जॅकवरील गाडीखाली हातपाय घालू नयेत. नट एकापाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे आवळावे, म्हणजे चाक वाकडे बसत नाही. आणि पन्नासएक किलोमीटरनंतर त्यांवर पुन्हा एकदा पाना फिरवावा.

महिन्यातून एकदा डिकीतील सामान बाजूस सारून या पाचव्या चाकाची हवा तपासावी. पाच मिनिटांचे हे काम आहे.