पेरणीयंत्राची निगा

'पेरावे तसे उगवते' ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. परंतु बी जमिनीत पडलेच नाही, तर उगवणार काय?

बैलांच्या पाभरीने पेरताना चाड्यात मुठीने बी सोडतात. नळी तुंबली, की बी चाड्यातच साचते व ते पेरणाऱ्याच्या हाताला तत्काळ कळते. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात मात्र पेटीतील बी आपोआप नळ्यांत उतरते. तेथे एखादी नळी तुंबली, तर बहुधा पत्ताच लागत नाही. आठवडाभराने रोपे वर येतात, तेव्हा एक ओळ रिकामी दिसते. तोवर जमिनीची ओल उडून गेलेली असते. कडवळाची अशी रिकामी ओळ म्हणजे गोठ्यातील जनावरांचा हिरावलेला घासच होय.

नांगरट न करता मागील पिकाच्या धसकटांतच वैरणीचे बी पेरण्याची एक रीत आहे. तिच्यामुळे ओल टिकते आणि श्रम वाचतात. परंतु घट्ट जमिनीत फणांची टोके लवकर झिजतात. झिजलेला फण उथळ जातो व बी कोरड्या मातीत पडते. म्हणून सर्व फणांची लांबी मोजून पाहावी आणि झिजलेली टोके बदलावीत.

नळ्याही तपासाव्यात. पडून राहिलेल्या यंत्राच्या नळ्यांत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते; उंदीर रबरी नळ्या कुरतडतात.

मग बियाण्याचे प्रमाण पाहावे. समजा, यंत्राच्या चाकाचा परीघ दीड मीटर आहे आणि पेरणीची रुंदी २ मीटर आहे. चाकाच्या एका फेऱ्यात ३ चौरस मीटर जमीन पेरली जाते. २० फेऱ्यांत ६०. कडवळाचे बी हेक्टरी ४० किलो पेरावयाचे, तर नळ्यांखाली पिशव्या बांधून चाक २० वेळा फिरविल्यावर २४० ग्रॅम बी जमले पाहिजे. कमीअधिक भरल्यास बी सोडणारी झडप सारखी करावी.

पेरणी संपताच पेट्या रिकाम्या करून पुसाव्यात. रासायनिक खत हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे लोखंड गंजते. साखळीला तेल द्यावे, फणांवर तेलाचा हात फिरवावा आणि यंत्र छपराखाली फळ्यांवर ठेवावे.

पेरणीयोग्य वाफसा मोजकेच दिवस टिकतो. त्या दिवसांत यंत्र सज्ज असावे, म्हणून त्याची निगा उन्हाळ्यातच राखावयाची असते.