डोंगरधाव आणि सायकल : उतारवयाचे दोन सोबती

चाळिशी उलटली म्हणजे धावणे हा मुलांचा खेळ झाला, आपण फार तर सायंकाळी चार पावले फिरून यावे, असा समज आपल्या मंडळींत रूढ आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात मात्र पन्नाशी-साठीची हौशी माणसे डोंगर धावत चढतात, धावत उतरतात आणि मधल्या दिवसांत सायकल चालवितात. ही केवळ हौस नव्हे. एका व्यायामात जे उणे आहे ते दुसरा भरून काढतो. म्हणून ही जोडी समजून घेण्यासारखी आहे.

त्या मुलखात डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हा शब्द पूर्वी तेथे येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला. ‘फेल रनिंग’ म्हणजे पायवाट असो वा नसो, गवत, दलदल व खडक तुडवीत माथा गाठावयाचा आणि तसेच खाली यावयाचे. तेथील सर्वांत उंच स्काफेल पाइक अवघा ९७८ मीटरचा. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. पण धुके, पाऊस व वारा यांचा तेथे नेम नसतो. म्हणून मोठ्या शर्यतींत पावसाळी कपडे, नकाशा, होकायंत्र, शिटी व थोडे खाणे जवळ बाळगावे लागते.

आता शरीराकडे पाहू. हृदय व फुप्फुसे मिळून शरीराला प्राणवायू पुरविण्याची जी कमाल शक्ती, ती तिशीनंतर दर दशकात सुमारे दहा टक्क्यांनी घटते. स्नायू झिजतात, हाडे विरळ होतात आणि तोल सांभाळण्याचे कसब कमी होते. म्हातारपणी घरात साधे पाय घसरून पडल्याने माणूस अंथरुणाला खिळतो, त्याचे मूळ बहुधा येथेच असते. नियमित व्यायामाने ही घट थांबत नाही, पण पुष्कळ मंदावते.

डोंगरावर धावताना प्रत्येक पावलाचा भार हाडांवर पडतो व त्या भारानेच हाडे बळकट राहतात. ओबडधोबड जमिनीवर घोटा आणि नजर यांना तोल राखण्याची सवय लागते. मात्र उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन आवरीत असतो. त्यामुळे त्याचे सूक्ष्म तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही कठीण होते. तरुणापेक्षा प्रौढाला ही झीज भरून काढण्यास वेळ अधिक लागतो.

नेमक्या या ठिकाणी सायकल उपयोगी पडते. शरीराचा भार बैठकीवर असल्याने सांध्यांना हादरा बसत नाही. स्नायू आवळून जोर लावतो, ताणाखाली भार आवरीत नाही. पाय दुखत असतानाही हृदय व फुप्फुसांना तासभर काम देता येते. पण नुसत्या सायकलीने हाडांना पुरेसे काम मिळत नाही. वर्षानुवर्षे केवळ सायकलच चालविणाऱ्यांच्या पाठीच्या कण्याची हाडे विरळ झालेली आढळतात. एवंच, एकट्या धावण्याने स्नायू थकतात, एकट्या सायकलीने हाडे उपाशी राहतात.

या दोन छंदांचे नाते यॉर्कशायरमध्ये प्रत्यक्ष दिसते. पेनिघेंट, व्हर्नसाइड व इंगलबरो या तीन डोंगरांवरील धावण्याची शर्यत १९५४ साली सुरू झाली. त्याच डोंगरांवर १९६१ पासून सायकलीची शर्यत होते. तीत चढावर सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते! रॉब जेब या गृहस्थांनी दोन्ही शर्यती जिंकल्या आहेत.

वयाचे उदाहरण हवे तर वॉसडेलचे मेंढपाळ जॉस नेलर (१९३६–२०२४) यांचे घ्यावे. तरुणपणीच त्यांच्या गुडघ्यातील कूर्चा आणि मणक्यांमधील दोन चकत्या शस्त्रक्रियेने काढाव्या लागल्या होत्या. तरीही १९८६ साली, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी लेक डिस्ट्रिक्टमधील २१४ शिखरे सुमारे सात दिवसांत पालथी घातली आणि २००६ साली, सत्तरीत, ७० शिखरे एकवीस तासांच्या आत केली. पन्नाशीपुढील लोकांसाठी त्यांनी ४८ मैलांची, ३० शिखरांची एक वाट आखून दिली. पुरुषांना पन्नास ते चौपन्न वयात ती बारा तासांत पुरी करावयाची. पुढे मुदत वाढत जाऊन पासष्टीनंतर चोवीस तास मिळतात. सोबती बरोबर असावा आणि धर्मादाय कार्यासाठी निधी जमवावा, अशीही अपेक्षा असते. सायकलस्वारांतही असेच आहे. चाळिशीपुढील स्वारांच्या संघात प्रत्येक वयाला ठरावीक प्रमाणवेळ असते आणि त्या वेळेपेक्षा किती आधी पोहोचलात यावर क्रम लागतो. त्यामुळे सत्तरीचा स्वार चाळिशीच्या स्वाराला हरवू शकतो. वयाकडे डोळेझाक नाही, आणि वय झाले म्हणून दारही बंद नाही!

आपल्यापैकी कोणी हा उद्योग करू म्हटले तर प्रथम डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा. आरंभी आठवड्यातून दोन दिवस सायकल आणि एक दिवस टेकडी पुरे. बेळगावकरांनी येळ्ळूरपर्यंत सायकलीने जाऊन राजहंसगड पायी चढावा. धावण्याची घाई काही महिने करूच नये. उतरताना पावले आखूड टाकावीत, गुडघा किंचित वाकलेला ठेवावा. पहिल्या उतारानंतर पाय दुखतील, पण स्नायू शिकतात. पुढच्या खेपेस दुखणे कमी होते. सायकलीची बैठक इतकी उंच असावी की पायटा तळाशी असताना पाय जवळजवळ सरळ व्हावा. छातीत कळ आली किंवा चक्कर वाटली, तर तेथेच थांबावे व वैद्यकीय मदत घ्यावी.

मुलांना आपण व्यायामाचे पाठ देतो. त्यांचे आईवडील व आजोबा-आजी टेकडीवर दिसू लागले, तर तो पाठ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.