होसकोटे, शहाजीराजे आणि मलिक अंबर
बंगळूरलगतचं होसकोटे शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, हे मराठी माणसाला ठाऊक असतं. हेच शहाजीराजे 1624 साली भातवडीच्या लढाईत मलिक अंबरच्या बाजूने लढले. अंबर मूळचा इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला! आफ्रिकेतून असेच गुलाम म्हणून नेलेल्यांची आठवण ठेवून घानाने 2019 साली आफ्रिकी वंशाच्या लोकांना मायभूमीला परतण्याची साद घातली. व्हर्जिनियात पहिले आफ्रिकी गुलाम उतरवल्याला तेव्हा 400 वर्षं झाली होती. अंबरमुळे पूर्वजांच्या शोधाची ही वाट आपल्याकडे, दख्खनेतही यायला हवी. 1626 साली वारलेल्या अंबरची कबर खुलताबादला आहे. वेरूळला जाल तेव्हा थोडी वाट वाकडी करा.