झेल पुरा कधी होतो?

११ जानेवारी २०१५. विस्कॉन्सिन राज्यातल्या ग्रीन बे इथलं लॅम्बो फील्ड. डॅलस काउबॉईज पाच गुणांनी मागे होते आणि सामना संपायला पाच मिनिटांहून कमी वेळ उरला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ताब्यात असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. डॅलसचा हा चौथा प्रयत्न, आणि हवे होते फक्त दोन यार्ड. पण क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, टोनी रोमोनं चेंडू डाव्या कडेनं थेट लांब फेकला. डेझ ब्रायंट बचावपटू सॅम शील्ड्सच्या वर उडाला, चेंडू पकडला, डाव्या हातात घेतला आणि पावलं टाकत गोलरेषेकडे झेपावत पडला. पडताना चेंडू जमिनीवर आपटून उसळला. ब्रायंटनं तो लगेच पुन्हा कवेत घेतला.

मैदानावरच्या पंचांनी झेल दिला. चेंडू गोलरेषेपासून जेमतेम यार्डभर अंतरावर होता. ग्रीन बेचे प्रशिक्षक माइक मॅकार्थी यांनी लाल फडकं मैदानात टाकून दाद मागितली. रेफरी जीन स्टेराटोर यांनी चित्रण पाहिलं आणि निर्णय फिरवला. ग्रीन बे २६-२१ असे जिंकले.

डॅलसच्या चाहत्यांनी तो निर्णय आजतागायत मान्य केलेला नाही. पण तेव्हाच्या नियमाला धरून पाहिलं तर स्टेराटोर चुकले नव्हते. झेल घेता घेता खेळाडू पडत असेल, तर जमिनीला टेकून स्थिरावेपर्यंत चेंडूवरचा ताबा सुटता कामा नये, असं नियम म्हणत होता. प्रश्न पंचांच्या नजरेचा नव्हता, पुस्तकातल्या कलमाचा होता.

सोपं वाटतं, पण नाही

चेंडू हातात आला की झेल झाला, असं आपल्याला वाटतं. क्रिकेटचा कायदाही तेवढ्यावर थांबत नाही. क्षेत्ररक्षकाचा चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा आला की मगच झेल पुरा होतो. १९९९च्या विश्वचषकात हर्शल गिब्जनं स्टीव्ह वॉचा झेल पकडून आनंदाच्या भरात चेंडू उडवायला जाऊन तो सांडला, तेव्हा त्याला हे कलम चांगलंच भोवलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये गुंता आणखी वाढतो, कारण तिथे झेल घेतला की खेळ थांबत नाही, चालू राहतो. झेल पुरा झाल्यावर हातून चेंडू सुटला तर तो ‘फम्बल’ ठरतो आणि प्रतिस्पर्धी तो उचलून पळू शकतात. झेल पुरा होण्याआधी सुटला तर तो फक्त वाया गेलेला पास. पुढचा प्रयत्न आधीच्याच जागेवरून. म्हणजे झेलाची व्याख्या सैल केली की फम्बल वाढणार, आवळली की डोळ्यांदेखत घेतलेले झेल बाद होणार. नियम करणाऱ्यांची सगळी ओढाताण या दोन टोकांमधली आहे.

एकेका सामन्यानं बदललेला नियम

नॅशनल फुटबॉल लीगनं टीव्ही रिप्ले १९८६ साली आणला, १९९१च्या हंगामानंतर बंद केला आणि १९९९ मध्ये पुन्हा सुरू केला. त्याच हंगामात, २३ जानेवारी २००० रोजी, टॅम्पा बेच्या बर्ट इमॅन्युएलनं सेंट लुइस रॅम्सविरुद्ध शेवटच्या मिनिटात झेपावून चेंडू धरला. तो त्याच्या हातात घट्ट होता, पण चेंडूचं टोक जमिनीला लागलेलं रिप्लेत दिसलं. झेल रद्द झाला, रॅम्स ११-६ जिंकले आणि पुढे सुपर बोल हा अंतिम सामनाही जिंकून आले. त्यानंतर नियम बदलला: ताबा कायम असेल तर चेंडू जमिनीला लागला तरी चालेल.

म्हणजे प्रश्न ‘लागला का?’ यावरून ‘ताबा होता का, आणि कुठवर?’ यावर आला. याचा फटका डेट्रॉइट लायन्सच्या कॅल्विन जॉन्सनला बसला. १२ सप्टेंबर २०१० रोजी शिकागोत, बेअर्स १९-१४ असे पुढे असताना, त्यानं गोलरेषेपलीकडच्या पट्ट्यात, म्हणजे एंड झोनमध्ये, उंच उडी मारून चेंडू पकडला. दोन्ही पाय टेकले, मग गुडघा, मग पार्श्वभाग. उठण्यासाठी त्यानं चेंडूवाला हात जमिनीवर टेकला आणि चेंडू तिथेच सुटला. उरले होते फक्त २४ सेकंद. टचडाउन, म्हणजे गोलरेषेपार चेंडू नेल्याचे गुण, नाकारलं गेलं, डेट्रॉइट हरलं. त्या सामन्याचे रेफरीही स्टेराटोरच होते.

१७ डिसेंबर २०१७ रोजी पिट्सबर्गच्या जेसी जेम्सची पाळी आली. न्यू इंग्लंड २७-२४ असे पुढे होते. जेम्सनं चेंडू झेलला, गुडघा टेकला आणि हात लांबवून चेंडू गोलरेषेपार नेला. मैदानावर टचडाउन मिळालं, पण जमिनीला लागताच चेंडू हातात किंचित हलल्याचं संथ चित्रणात दिसलं आणि तेही गेलं. दोन प्रयत्नांनंतर पिट्सबर्गचा पास प्रतिस्पर्ध्यानं पकडला. हंगामाअखेर दोन्ही संघांचे विजय सारखेच होते. या सामन्याच्या जोरावर अग्रमानांकन न्यू इंग्लंडला मिळालं.

संथ चित्रणाची गोम इथे लक्षात येते. जे मैदानात एका सेकंदात घडतं, ते दहापट लांबवलं की चेंडूची बारीकशी थरथरही निसटल्यासारखी दिसते. उलट, संथ पाहिल्यावर खेळाडूनं चेंडू खूप वेळ धरल्यासारखंही वाटतं. बोटं कुठे होती, पाय रेषेत होता का, हे कॅमेरा सांगतो. किती वेळ धरलं म्हणजे पुरे, हे तो सांगू शकत नाही.

माघार

४ फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सच्या कोरी क्लेमेंट आणि झॅक अर्ट्झ यांचे दोन टचडाउन असेच तपासले गेले. दोन्ही कायम राहिले, फिलाडेल्फिया ४१-३३ जिंकलं. पण जेम्सचा बाद आणि यांचे वैध कसे, हा वाद पेटलाच. मार्चमध्ये संघमालकांनी ३२-० मतांनी नियम बदलला. पडतानाची अट गेली. आता तीन गोष्टी लागतात: चेंडूवर ताबा, दोन्ही पाय किंवा शरीराचा दुसरा भाग मैदानाच्या आत टेकणं, आणि त्यानंतर तिसरं पाऊल किंवा चेंडू पुढे नेणं यासारखी खेळाची एखादी कृती. ती कृती केली नसली, तरी करण्याइतका वेळ मिळाला असेल तर पुरे. या कसोटीवर ब्रायंट आणि जॉन्सन यांचे झेल वैध ठरले असते, असं लीगच्याच अधिकाऱ्यांनी सांगितलं.

शेवटची सवलत नीट वाचण्यासारखी आहे. ‘करण्याइतका वेळ’ म्हणजे किती? त्याला आकडा नाही, तो पंचानंच ठरवायचा. आधीचं कलम कडक होतं, कारण त्यात अंदाजाला जागा ठेवायची नव्हती. त्या कडकपणातूनच पुस्तकात बरोबर आणि जनतेला अमान्य असे निर्णय निघाले. म्हणून लीगनं अंदाज पुन्हा आत घेतला. वाद काही मिटले नाहीत, आता ते तिसऱ्या पावलावरून होतात. पण हरलेला संघ निदान पंचाच्या मताशी भांडतो. स्वतःच्या डोळ्यांना खोटं पाडणाऱ्या कलमाशी भांडण्यापेक्षा ते बरं.