पारा उतरतो, न्याहारी लांबते

अंगण आणि आभाळ : लेखांक ९

थंडी वाढली की पक्षी वाढतात, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. गेल्या आठवड्याच्या लेखावर आलेल्या पत्रांतही तोच सूर होता : यंदा थंडी उशिरा पडली, म्हणून पाहुणे पक्षी कमी आले का? जानेवारीच्या अंगणात शिरण्याआधी एवढं निस्तरून घेऊ. पुण्यात हिवाळी पाहुण्यांची हजेरी लागायला लागते ती सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे आपण ‘ऑक्टोबर हीट’च्या नावाने बोटं मोडत असतो तेव्हा. भोरड्या तर त्याच्याही आधी, पावसाळा सरता सरता येऊन टपकतात. ही मंडळी मध्य आशियातून आणि हिमालयातून निघतात ती तिथले दिवस लहान होऊ लागतात आणि किडे संपत येतात म्हणून. शिवाजीनगरचा पारा किती उतरला, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं.

मग इथल्या थंडीने ठरतं काय? कोणी किती वाजता हलायचं, कुठे बसायचं आणि पहिला घास कधी मिळायचा, हे ठरतं. म्हणून जानेवारीत पक्ष्यांची यादी करण्यापेक्षा त्यांचं वेळापत्रक बघण्यात जास्त मजा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळापत्रक म्हटलं की आधी सूर्य. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. ते खरंच आहे, पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. पुण्यात सूर्योदय मात्र त्यानंतरही रोज थोडा थोडा उशिराच होत राहतो आणि संक्रांत उलटल्यावर काही दिवसांनी, सात वाजून नऊ मिनिटांच्या सुमाराला टेकतो. तिथून तो मागे यायला लागतो. ‘संक्रांत झाली तरी सकाळी अंधारच’ ही शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आयांची तक्रार खगोलशास्त्राला धरूनच आहे.

आता गारठ्याचं. या महिन्यात पुण्याचं आभाळ बहुतेक रात्री निरभ्र असतं आणि हवा कोरडी. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता थेट आभाळात सोडून देते. ती अडवायला ना ढग, ना पुरेसं बाष्प. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, म्हणून ती उताराने ओघळत नदीकाठी आणि खोलगट भागांत साचते. त्यामुळे पाषाण, शिवाजीनगर इथे हुडहुडी भरलेली असते, त्याच पहाटे मगरपट्ट्यात चार-पाच अंश जास्त असू शकतात. तिथे काँक्रीटही दाट, ते उष्णता धरून ठेवतं. नीचांक गाठला जातो तो मध्यरात्री नव्हे, तर उजाडण्याच्या सुमाराला, कधी कधी सूर्य उगवल्यानंतर थोड्या वेळाने. पुण्याच्या नोंदीतला सगळ्यांत खालचा पारा १७ जानेवारी १९३५ चा आहे : १.७ अंश.  

अशा पहाटे अंगणात काय चालतं? फटफटल्याबरोबर कावळे आणि बुलबुल बोलायला लागतात. बुलबुलाचं बरं असतं. त्याला उंबर चालतं, पिकलेला पेरू चालतो, शेजाऱ्यांच्या पपईला पाडलेलं भोक तर फारच चालतं. फळ थंडीने कुठे पळून जात नाही, त्यामुळे त्याची न्याहारी वेळेवर होते. शेवगा फुललेला असेल तर शिंजीरही लवकर कामाला लागतो.

खरी परीक्षा असते किडे खाणाऱ्यांची, आणि त्यांच्यातही एक मोठा फरक आहे. जानेवारीतला माझा सगळ्यांत आवडता देखावा याच फरकातून तयार होतो.

विजेच्या तारेवर वेडे राघू बसलेले असतात. एरवी हातभर अंतर ठेवून बसणारे हे पक्षी गारठ्यात एकमेकांना खेटून, खांद्याला खांदा लावून बसतात. पिसं इतकी फुगवलेली की मान दिसत नाही. शेपटीतली दोन लांब काड्यांसारखी पिसं खाली लोंबलेली, त्यावरूनच ओळखायचं. ऊन तारेवर पोचलं की एकेक जण उन्हाकडे पाठ करतो, पाठीवरची पिसं उभी करतो आणि तसाच शेकत राहतो. बघणाऱ्याला वाटतं, किती आळशी! आळसाचा यात काही संबंध नाही. वेडा राघू उडता किडाच पकडतो : मधमाशी, चतुर, गांधीलमाशी. आणि या किड्यांना उडण्यासाठी आपल्या अंगातले स्नायू आधी तापवावे लागतात. हवा गार असेपर्यंत ते जागचे हलत नाहीत. ताटात काही वाढलंच नसताना पानावर धावत जाण्यात अर्थ नाही, हे राघूला कळतं. नऊ वाजून जातात, पहिली मधमाशी शेवग्यावर घोंघावते आणि तारेवरचा एकजण सुळकन सुटतो. त्याच्यामागोमाग बाकीचे. तारेवर परत आल्यावर माशी तारेवर आपटून, घासून तिची नांगी निकामी करायची आणि मगच गिळायची. हे सगळं साध्या डोळ्यांनीही दिसतं.

त्याच तारेखाली, आंब्याच्या पानांआड, पर्ण वटवट्या मात्र उजाडल्यापासून राबत असतो. हिरवट करडा, डोळ्यावर फिकट भुवई, वजन दहा रुपयांच्या नाण्याइतकं म्हणजे जेमतेम सात-आठ ग्रॅम. दिसण्याआधी ऐकू येतो तो त्याचा तुटक, दोन अक्षरी आवाज. एवढासा जीव रात्रभर अंगाची ऊब टिकवून उठलेला असतो. शरीर जितकं लहान तितकं वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्र जास्त आणि ऊबही तितकीच लवकर जाते. पिसांत कोंडलेली हवा आणि आदल्या दिवशी साठवलेली चरबी, एवढ्या भांडवलावर तो रात्र काढतो. सकाळी त्याला थांबणं परवडत नाही, आणि थांबायची गरजही नसते. कारण तो उडते किडे धरत बसत नाही. पानाच्या मागच्या बाजूला गारठून चिकटलेली कोळ्याची पिल्लं, मावा, तुडतुडे, अळ्या टिपतो. थंडीने किडा सुस्तावला की राघूचा उपास पडतो आणि वटवट्याचं फावतं. पारा एकच, पण एकाचं नुकसान ते दुसऱ्याची सोय.

तांबट या दोघांहून वेगळा. हा फळं खाणारा, तरी सकाळी शेंड्यावरच्या निष्पर्ण फांदीवर जाऊन ऊन खात बसतो, कधी दोघं-तिघं शेजारी शेजारी. थंडीत त्याची टुक्-टुक् फारशी ऐकू येत नाही. आणि घारी सगळ्यांत उशिरा आभाळात चढतात. गिरक्या घेत वर जायला त्यांना जमिनीवरून उठणारी ऊन हवा लागते. रात्रीची गार हवा तळाशी आणि उबदार हवा वर असा थर बसलेला असेपर्यंत ती उठत नाही. मुळा-मुठेवरचा धूर आणि धुकं ज्या पातळीवर चादरीसारखं अडकलेलं दिसतं, तोच हा थर. धुकं फाटलं की घारी वर, हे गणित सहसा चुकत नाही.

मध्येच कधी तरी मळभ येतं. उत्तरेकडचा कोरडा वारा थांबतो, पूर्वेकडून किंवा समुद्रावरून बाष्प येतं आणि पहाटेचा पारा एकदम पंधराच्या वर जातो. दिवसा मात्र ऊन नसल्याने गारवा वाटतो, आणि लोक ‘आज थंडी जास्त आहे’ म्हणून कानटोप्या काढतात. ढगांनी रात्रीची उष्णता अडवलेली असते, दिवसाचं ऊनही अडवलेलं असतं. अशा दिवशी तारेवरची शेकायची रांग दिसत नाही. आंबा बागायतदाराच्या पोटात मात्र गोळा येतो, कारण मोहोरावर भुरी आणि तुडतुडे वाढतात ते अशाच हवेत. मोहोराभोवती चष्मेवाल्यांचा थवा किडे वेचताना दिसला तर त्यांना हुसकावू नका, एवढीच विनंती.

महिना उतरणीला लागला की एक गंमत बघायला मिळते. जांभळ्या शिंजिराचा नर पावसाळ्यानंतर आपला झगमगीत पोशाख उतरवून मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी पट्टी तेवढी उरते. आता नवी पिसं येऊ लागतात. काही दिवस तो इतका ठिगळं लावलेला दिसतो, कुठे चकाकतं निळं-जांभळं, कुठे जुनं पिवळं, की नवशिक्यांना ही नवीनच जात वाटते. शेवगा किंवा जास्वंद असलेल्या घरी हे खिडकीतून बघता येईल. याच सुमाराला घारी काड्या गोळा करू लागतात आणि पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे त्यावर कलकलाट करतात. अंगणात ही शोभा. सोलापूरकडे शाळूच्या रानात मात्र ह्याच भोरड्यांसाठी गोफण हातात घ्यावी लागते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आता तुमच्यासाठी काम. दुपारची हवा या दिवसांत फार कोरडी असते, म्हणून उन्हाळ्याची वाट न बघता मातीचं पसरट भांडं आत्ताच ठेवा. पाणी दोन-तीन बोटं खोल, त्याहून जास्त नको, आणि रोज बदलायचं. फरसाण, शिळा ब्रेड घालू नका. वहीत रोज तीन गोष्टी लिहा : पहाटेचं किमान तापमान, आभाळ निरभ्र की ढगाळ, आणि तारेवरून पहिला वेडा राघू कधी सुटला. महिनाभराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यात की तुमच्या गल्लीचं हवामान वर्तमानपत्रातल्या आकड्यापेक्षा नीट कळेल.

आणि फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस मोकळे ठेवा. ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही जगभर चालणारी पक्षीगणना भारतात २०१३ पासून होते. आपल्याच अंगणात किंवा गच्चीवर किमान पंधरा मिनिटं उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’वर यादी भरायची, शुल्क नाही. यादी कशी भरायची, ते पुढच्या लेखांकात.